सोनसावरीचे रोप वाळले असेल का?

प्रश्न : पावसाळ्यात बियांपासून केलेल्या सोनसावरीच्या, म्हणजेच गणेराच्या, रोपाची सगळी पाने डिसेंबरात गळाली असून कुंडीत नुसती करडी काडी उरली आहे. पाणी रोज घालतो. रोप मेले असेल का?

प्रतिसाद १ : पानगळ हा या झाडाचा स्वभावच आहे. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. रोजचे पाणी मात्र थांबवावे, कारण कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर वाढणारे हे झाड जाडजूड मुळात साठा करून ठेवते आणि सतत ओल्या मातीत तेच मूळ कुजते.

प्रतिसाद २ : सहमत. फुलांची घाईही नको. मोठ्या झाडावर फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना पाच पाकळ्यांची, तळहाताएवढी पिवळीधमक फुले येतात.

प्रश्नकर्ता : साल खरवडली, आत हिरवे आहे. पाणी थांबवले.