गाडीच्या पुढच्या काचेला खडी लागलीय. हैदराबादला निघायच्या आधी काय करू?

प्रेषक: अंबाजोगाईकर (डॅलस, सध्या गावी)

मंडळी, नमस्कार.

मुलांच्या शाळा सुटल्या तसे आम्ही गावी आलो. काल संभाजीनगरहून येताना गेवराई सोडली आणि पुढं एक हायवा (खडी वाहणारा मोठा टिपर) लागला. वर ताडपत्री नाही, खडी काठोकाठ भरलेली. मागं राहू म्हणेपर्यंत टण्णकन आवाज आला. गाडी अण्णांची आहे, घेऊन वर्षही झालेलं नाही.

डाग डाव्या बाजूला आहे, वायपर फिरतो तिथंच. मधे तिळाएवढा खड्डा आणि त्याला केसासारखे तीन पाय फुटलेत. सगळ्यात लांब पाय करंगळीच्या नखाएवढा असेल. अण्णा म्हणतात, "जुन्या जीपला असले किती डाग होते, काही होत नसतं." शेजारचे मामा फेविक्विकचा थेंब सोड म्हणतात. गॅरेजवाला म्हणतो, काच बदलून टाका, इन्शुरन्स आहे की. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना घेऊन याच गाडीनं हैदराबादचं विमानतळ गाठायचंय, म्हणजे लातूर, उदगीर, बीदर, जहीराबाद असा रस्ता. तिकडं डॅलसला एक फोन केला की माणूस पार्किंगमधे येऊन चिरेत रेझिन (आत शिरून घट्ट होणारा पारदर्शक चिकट द्रव) भरून जातो. इकडं काय करावं? आणि त्या भरण्याचा खरंच भरवसा असतो का?

*

प्रेषक: नांदेडची (ह्यूस्टन)

भाऊ, बाकीचं नंतर. आधी पारदर्शक सेलोटेप घ्या आणि कोरड्या काचेवर, त्या डागावर चिकटवा. आत धूळ आणि पाणी जाऊ नये एवढंच तिचं काम. गाडी धुऊ नका, काचेला कसलं पॉलिश लावू नका. मामांना नमस्कार सांगा, पण फेविक्विक लपवून ठेवा. ते एकदा आत सुकलं की रेझिनला शिरायला जागाच उरत नाही आणि बरी होणारी काच बदलावी लागते.

काचेशी माझा रोजचा संबंध आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पुढची काच एकसंध नसते. दोन काचा आणि त्यांच्यामधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा, साधारण पाऊण मिलिमीटरचा. खडी लागते ती बाहेरच्या काचेला. आतून बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागलं तर आतली काच शाबूत आहे आणि दुरुस्ती होऊ शकते. खिडक्यांच्या काचा बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात, त्यांचा फुटल्यावर चुराच होतो, तिथं हा इलाज नाही.

आता अण्णांच्या "काही होत नसतं" बद्दल. काच दाबाला भक्कम असते, ताणाला कच्ची, आणि ताण सगळा येऊन साठतो चिरेच्या टोकाशी. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी, तिच्यात बसल्याबरोबर एसी फुल्ल आणि झोत काचेवर. मधला भाग गार पडून आकसू बघतो, फ्रेममधे दडलेल्या कडा मात्र तापलेल्याच. मधे ताण येणारच. त्याहून मला भीती वाटते रोहिणीच्या पावसाची. दिवसभर तापलेल्या काचेवर वळवाची सर आली की बाहेरची काच एकदम आकसते, आणि आपली चीर नेमकी बाहेरच्याच काचेत आहे. वर पाणीही आत शिरतं. ओलाव्यानं चिरेच्या टोकाशी काचेचे बंध सैल होतात, म्हणून ओली चीर कोरडीपेक्षा लवकर धावते.

तेव्हा गाडी लिंबाखाली लावा, बसताना आधी चारी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, एसी पायाकडं सोडा. आणि गार करायला म्हणून काचेवर पाण्याची बादली ओतू नका. आमच्याकडं नांदेडला हा उद्योग मी डोळ्यांनी पाहिलाय.

*

प्रेषक: चिकलठाण्याचे काका (सध्या लेकीकडे, डॅलस)

सर्वांना नमस्कार. मी एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उभा जन्म काढला. इथं लेकीनं या मेलच्या यादीत नाव घातलंय म्हणून वाचत असतो. आज लिहावं वाटलं.

ताईंनी शास्त्र सांगितलं ते बरोबर. मी हाताचं काम सांगतो, कारण दुकानात उभं राहिल्यावर तेच कामाला येतं. अंबाजोगाईत नाही मिळालं तर लातूर किंवा संभाजीनगर. जायच्या आधी फोनवर सरळ विचारा: रेझिन भरता का नुसती काच बदलता? भरतो म्हणाला तर पुढचं विचारा: व्हॅक्यूमनं हवा काढता का? "त्याची काय गरज" असं उत्तर आलं की दुसरं दुकान बघा.

कामून, तर तो डाग आपल्याला दिसतो तो आतल्या हवेमुळं. चिरेत हवा असते, तिथं उजेड वळतो आणि चकाकतो. रेझिन अशा जातीचं असतं की त्यातून उजेड जवळजवळ काचेसारखाच जातो. हवा काढून तिथं रेझिन गेलं की चीर दिसेनाशी होते, आणि टोकं चिकटली की पुढं पळत नाही. हवा राहिली तर वरून नुसता लेप बसतो, आत चीर जशीच्या तशी.

काम असं चालतं. खड्ड्यातला काचेचा भुगा सुईनं काढायचा. वर चोषकपेल्यांचा एक छोटा सांगाडा बसवायचा, त्याला मधे स्क्रूची नळी. नळीत रेझिनचे थेंब. आधी दट्ट्या वर ओढून हवा खेचायची, मग खाली आवळून दाब द्यायचा, पुन्हा ओढायचं, पुन्हा आवळायचं. या वेळी तुम्ही गाडीत बसून आतून बघा. एकेक पाय काळा दिसत असतो तो टोकाकडं विरत जातो. सगळे पाय विरले तरच पुढं जाऊ द्या. घाई करणारा कारागीर इथंच पकडला जातो. मग रेझिन गोठवायला यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा, खड्ड्यात घट्ट रेझिन, वर प्लास्टिकचा तुकडा, पुन्हा दिवा, शेवटी ब्लेडनं सपाट करून पॉलिश.

दोन गोष्टींना जपा. उन्हात काम करू देऊ नका. उन्हातच यूव्ही असतं, रेझिन पायांत शिरायच्या आधीच गोठायला लागतं, आणि तापलेल्या काचेवर ते पाण्यासारखं पातळ होतं. सकाळी लवकर जा, काच हाताला गार लागली पाहिजे. दुसरं, एकदा वाईट भरलं की पुन्हा नीट भरता येत नाही, जुनं रेझिन वाटेत बसलेलं असतं. म्हणून पहिलाच हात चांगला पाहिजे.

डाग रुपयाच्या नाण्याखाली झाकला जात असेल, काचेच्या कडेला पोचला नसेल आणि चालकाच्या नजरेसमोर नसेल तर बेलाशक भरून घ्या. नजरेसमोरचा डाग भरला तरी एक धुरकट ठिपका राहतो, रात्री समोरच्या दिव्यात तो डोळ्यांवर येतो. कडेला गेलेल्या चिरेत मी पैसे घालणार नाही. तुमचं वर्णन वाचून तुमचं काम होईल असं दिसूलालंय.

*

प्रेषक: परभणीकर (लीड्स)

काकांच्या "नजरेसमोर" ला इकडं सरकारी माप आहे. एमओटी (इकडची गाड्यांची सक्तीची तपासणी) करताना स्टीअरिंगच्या मध्यावर 290 मिलिमीटर रुंदीचा पट्टा धरतात. त्यात 10 मिलिमीटरपेक्षा मोठा डाग असेल तर गाडी नापास. वायपरच्या बाकीच्या फिरत्या भागात 40 मिलिमीटरपर्यंत सूट. आपल्याकडं असं मोजत कुणी बसत नाही, पण घरी टेप घेऊन मोजायला काय हरकत आहे?

मला खरं बोलायचंय ते गॅरेजवाल्याच्या "इन्शुरन्स आहे की" वर. वडिलांच्या गाडीचे कागद मीच बघतो, म्हणून माहीत आहे. पूर्ण पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा (जुनं झाल्यामुळं उतरलेली किंमत) कापत नाहीत, हे खरं. रबर-प्लास्टिकवर निम्मा कापतात, काचेवर शून्य. पण सक्तीची वजावट, म्हणजे आपल्या खिशातून भरायची रक्कम, सुटत नाही: 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये, त्यावर 2000. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनसला (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला) मुकायची वेळ येते, खास संरक्षण घेतलेलं नसेल तर. पहिल्या वर्षानंतरचा तो 20 टक्के बोनस, अण्णांची गाडी त्याच उंबरठ्यावर उभी आहे. भरण्याचा खर्च खिशातून करा आणि क्लेमचा फॉर्म तसाच राहू द्या.

अजून एक. काच बदलली की तिच्यावरचा फास्टॅग गेला. तो उपटून दुसरीकडं चिकटवता येत नाही, बँकेकडून नवा घ्यावा लागतो. हैदराबादला निघायच्या आठवड्यात ही कटकट कशाला?

*

प्रेषक: जालन्याचा (सिडनीहून कायमचा परतलेला)

सगळे इलाजावर बोलूलाले, खडी लागूच नये म्हणून काय करायचं ते कुणी लिहीना. मी आठवड्यातून समृद्धीवर असतो. तिथं काँक्रीट आहे, सुटी खडी कमी, पण वेगाची मर्यादा 120. आणि मार वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर मार चौपट. रस्त्यावरून उडालेला खडा हवेत जवळजवळ थांबलेला आहे असं धरा, तर 100 च्या जागी 80 नं गेलात की दणका तब्बल 36 टक्क्यांनी कमी. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकातून उडाला तर दोघांचे वेग जमा होतात. म्हणून दुपदरी रस्त्यावर जिथं डांबर उखडून खडी वर आलीय, तिथं समोरून ट्रक दिसला की मी ॲक्सिलरेटर सोडतो. ओव्हरटेकची तर बातच नाही.

हायवाचं म्हणाल तर खडी वरूनच सांडते असं नाही. मागच्या जोडचाकांच्या फटीत दगड अडकतो आणि वेगात सुटतो. ताडपत्री असली म्हणून जवळ जायचं नाही.

सिरॅमिक कोटिंगवाले "काचेला कवच" म्हणून विकतात. पाणी घसरतं हे कबूल. खडीला ते अडवत नाही. बाहेरून लावायच्या जाड फिल्म निघाल्यात, त्या थोडा मार खातात, पण आपल्या धुळीत वायपर चार महिन्यांत त्यांच्यावर रेघा ओढतो. शिवाय पुढच्या काचेतून 70 टक्के उजेड आत आला पाहिजे हा नियम आहेच. त्यापेक्षा वायपरची रबरं दर पावसाळ्याआधी बदला. आपल्या उन्हात ती लाकूड होतात, आणि कोरड्या धुळीवर फिरवली की काच खरवडतात.

*

प्रेषक: चिकलठाण्याचे काका

जालनेकर, बाकी सगळं मान्य, पण अंतर ठेवा हे सांगायला सोपं. बीड-अंबाजोगाई रस्त्यावर तुम्ही अंतर सोडलं की त्यात एक टमटम आणि दोन मोटारसायकली येऊन बसतात. मी आमच्या ड्रायव्हर लोकांना सांगायचो, हायवाच्या चाकाच्या बरोबर मागं राहू नका. त्याच्या चाकांची रेघ सोडून जरा डावीकडं सरका, आणि पुढं जायचंच असेल तर झटक्यात जा, बाजूला रेंगाळू नका. सगळे खडे चुकत नाहीत. निम्मे तरी चुकतात.

*

प्रेषक: अंबाजोगाईकर

मंडळी, काम झालं. मोंढ्याजवळच्या एका दुकानात व्हॅक्यूमचं विचारलं, तर त्यानं हसून दोन काचा बदलायचा भाव सांगितला. मग लातूरला फोन लावला. तिथला पोरगा म्हणाला, "दादा, सकाळी आठच्या आत या, नंतर काच तापते." काकांचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकून अर्धं काम तिथंच झालं.

मी आत बसलो, काका म्हणाले तसं बघत. दोन पाय लगेच विरले. तिसरा निम्म्यात अडला. पोरानं यंत्र सोडवलं, आतल्या बाजूनं चिरेजवळ काच जराशी ऊबवली, पुन्हा यंत्र बसवून ओढ-दाब सुरू केला. मग काळी रेघ हळूहळू मागं सरकत टोकाला जाऊन संपली. आता तिरकं बघितलं तर बारीक ठिपका दिसतो, समोरून शोधावा लागतो. अण्णांनी खिशातून चष्मा काढून काच बाहेरून, आतून, दोन्हीकडून तपासली आणि पोराला म्हणाले, "जीपच्या वेळेला तू का नव्हतास रे?"

एक शंका राहिली. हैदराबादच्या वाटेत चीर पुन्हा वाढू लागली तर कळणार कसं? ती तर आता दिसतच नाही.

*

प्रेषक: चिकलठाण्याचे काका

आतून, जिथं पायांची टोकं होती तिथं स्केचपेननं ठिपके देऊन ठेवा. टोलवर थांबलात की नजर टाकायची. ठिपक्याच्या बाहेर रेघ दिसली नाही तर निवांत जा. दिसली तर वेग कमी करा, एसी काचेवरून काढा आणि तसेच विमानतळ गाठा. दोन काचांमधला पापुद्रा धरून ठेवतो, काच अंगावर येत नाही.

अण्णा गाडी परत आणतील तेव्हा बदलायची वेळ आली तर एवढं सांगून ठेवा: नवी काच पॉलियुरेथेननं चिकटवतात, ती पकडायला वेळ घेते. दुकानदार सांगेल तेवढा वेळ गाडी हलवायची नाही. अपघातात बाजूच्या सीटची एअरबॅग याच काचेला टेकून उघडते, काच सुटली तर एअरबॅगही गेली. आरशामागं कॅमेरा असलेली गाडी असेल तर बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यायला लावा, आणि फास्टॅगचं बँकेला आधीच कळवा.