पृथ्वीकसिणाच्या पानावर गाडी रुतली

निवृत्त मास्तर, परभणी
सगळ्यांना जयभीम. आषाढी पौर्णिमेपासून आमच्या विहारात रोज रात्री विसुद्धिमग्ग, म्हणजे बुद्धघोषाचा शील-ध्यानावरचा पालि ग्रंथ, वाचायलो. ऐकायला दहा-बाराजण, निम्म्याहून जास्त बाया, दिवसभर सोयाबीन खुरपून आलेल्या. शील झालं, धुतांगं म्हणजे भिक्खूंची कडक व्रतं झाली. चौथ्या निद्देसात, म्हणजे प्रकरणात, पृथ्वीकसिण (ध्यानासाठी समोर ठेवायची मातीची चकती) आलं अन् गाडी रुतली.

पहिल्या झानाची, म्हणजे ध्यानाच्या पहिल्या पायरीची, पाच अंगं: वितक्क, विचार, पीति, सुख, एकग्गता. शब्द ओळखीचे वाटतात, तिथंच घात होतो. एक काकू म्हणल्या, "मास्तर, विचार थांबावा म्हणून तर बसायचं, मग पहिल्या झानात विचार काहून?" मला उत्तर आलं नाही. पीतिला मी प्रीती म्हणून बसलो, पोरं हसली ते वेगळंच. त्यात वाक्यं एवढाली लांब की शेवटाला पोचेस्तोवर कर्ता विसरतो. सोडून धम्मपद घ्यावं का?

नागसेनवनातली
जयभीम सर. पालि भाषेत एम.ए. करताना मीही याच पानावर रडले आहे. सोडू नका, फक्त क्रम उलटा करा: व्याख्या नंतर, उपमा आधी. मळलेलं काशाचं भांडं एका हातानं घट्ट धरायचं, दुसऱ्यानं घासायचं. धरणारा हात वितक्क, घासणारा विचार. घंटेवर टोला पडला तो वितक्क, मागे घुमत राहतो तो विचार. म्हणजे हा आपला मराठी विचार नव्हेच. चित्त त्याच आलंबनावर, म्हणजे ध्यानाच्या विषयावर, फिरत राहतं, एवढंच. दुसऱ्या झानात दोन्ही गळतात, हे काकूंना जरूर सांगा, त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

पीति आणि सुखासाठी वाळवंटात दमलेला वाटसरू आहे. रानाच्या कडेला पाणी आहे म्हणून कळलं, ती पीति. सावलीत शिरून प्यायला, ते सुख. धर्मानंद कोसंबींनी संपादलेली १९४० ची देवनागरी प्रत मिळाली तर मूळ ओळ मोठ्यानं म्हणून बघा. जिभेवर आली की निम्मी उकलते.

लातूरचा
बुद्धघोषानं पाचव्या शतकात अनुराधपुरात बसून भिक्खूंसाठी लिहिलेला ग्रंथ. खुरपणाऱ्या बायांना कशाला ताप देता?

निवृत्त मास्तर, परभणी
लातूरकर, ताप मलाच झालाय, बाया मजेत आहेत. काल वाटसरू सांगितला. अर्धं वाक्य झालं नाही तर मागून आवाज आला, "म्हंजे टँकर फाट्यावर दिसला ती पीति, अन् घागर भरून घोट घेतला ते सुख." याच्यापुढं मी काय समजावणार!

मग कसिणाचं माप निघालं. ग्रंथात आहे विदत्थि-चतुरंगुल. मी शब्दकोश काढेस्तोवर बायांनी हात पसरून वीत अन् चार बोटं मोजलीसुद्धा. सुपाएवढं किंवा परळाएवढं चालतं म्हणलं तर एकीनं घरून सूपच आणलं. अडलं ते मातीपाशी. निळी, पिवळी, लाल, पांढरी नको, अरुणोदयाच्या रंगाची पाहिजे. पालितला नील काळ्यालाही धरतो, अन् आमचं शिवार तर सगळं काळंभोर. कुंभाराला निरोप धाडलाय.

बसायचं कसिणापासून अडीच हातांवर, पाट वीत-चार बोटं उंच. त्याहून उंच झाला तर मान वाकवावी लागते, बुटका झाला तर गुडघे दुखतात, असं ग्रंथातच लिहिलंय. हे ऐकून काकूंनी पहिल्यांदा बुद्धघोषाला हात जोडले. नागसेनवनातल्या ताई, उद्या उग्गहनिमित्त, म्हणजे डोळे मिटल्यावरही मनात दिसणारं कसिण, लागतंय. त्याचीही एखादी उपमा असंल तर आजच टाका.