वर्षाचा आवडता चित्रपट आणि 'प्रकार' नावाचा रकाना

दर डिसेंबरच्या अखेरच्या रविवारी कोथरूडमध्ये एका सदस्याच्या घरी आमचे चित्रपटप्रेमींचे लहानसे मंडळ जमते. वर्षभरात पाहिलेल्यांपैकी तीन आवडते चित्रपट प्रत्येकाने एका छापील कागदावर लिहून आणायचे आणि चहाचे दोन फेरे होईपर्यंत त्यांवर भांडायचे, एवढाच कार्यक्रम असतो. कागदावर नाव, भाषा, कोठे पाहिला आणि प्रकार असे चार रकाने आहेत. पहिल्या तिन्हींवरून आजवर कोणी आवाज चढवलेला नाही. चौथ्यावरून मात्र २०२३ च्या बैठकीत फार ताणले गेले. 'वाळवी' तिघांनी निवडला होता. एकाने प्रकार लिहिला 'रहस्यपट', दुसऱ्याने 'विनोदी', आणि तिसऱ्याने चक्क 'कौटुंबिक', कारण त्याच्या मते नवरा, बायको आणि संशय एवढी सामग्री असली की कुटुंब पूर्ण होते.

वर्षाचाही घोळ होताच. 'वाळवी' १३ जानेवारी २०२३ रोजी प्रदर्शित झाला, म्हणून आम्ही तो २०२३ चा धरला. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत तोच २०२२ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, कारण तेथे प्रदर्शनाची नव्हे, तर सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख धरली जाते. 'नटरंग'च्या वेळीही असेच झाले होते : पडद्यावर १ जानेवारी २०१०, पुरस्कार २००९ चा. तो गुंता आम्ही 'पुण्यात चित्रपटगृहात लागला ते वर्ष' असा नियम करून सोडवला. प्रकाराला असा नियम लावता येईना, म्हणून यंदा सर्वांना विनंती केली की, मत नको, अनुभव लिहा. प्रकाराच्या नावामुळे एखादा चित्रपट हुकला असेल, नको त्या वेळी पाहिला गेला असेल किंवा आवडता ठरवताना अडला असेल, तर तो प्रसंग कळवा. आलेल्या मजकुरातील नावे काढली आहेत; राहण्याचे ठिकाण आणि व्यवसाय तेवढा ठेवला आहे.

शिवाजीनगर, वकील

'कोर्ट' एप्रिल २०१५ मध्ये लागला तेव्हा माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने तो 'कोर्टरूम ड्रामा आहे' असे सांगितले आणि मी त्याच अपेक्षेने गेलो. अशा चित्रपटांत टेबलावर मूठ आपटणारा वकील, शेवटच्या क्षणी धावत येणारा साक्षीदार आणि मागच्या बाकांवरील टाळ्या असतात. येथे सरकारी वकील बाई जुन्या कायद्याची कलमे एकसुरात वाचत होत्या, न्यायाधीश साक्ष आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगत होते आणि पुढची तारीख पडत होती. पहिल्या अर्ध्या तासात मी दोनदा घड्याळ पाहिले. मग न्यायाधीश एका बाईंचे प्रकरण, त्यांनी बिनबाह्यांचे कपडे घातले आहेत म्हणून, पुढे ढकलतात तो प्रसंग आला आणि मी घड्याळ पाहायचे थांबलो, कारण मी रोज सकाळी अकरा वाजता जेथे जातो ती जागा प्रथमच पडद्यावर दिसत होती.

त्या वर्षी मी तो पहिल्या क्रमांकावर लिहिला आणि प्रकाराच्या रकान्यात 'कामकाज' असे लिहिले. मंडळाने ते हसण्यावारी नेले. माझे म्हणणे आजही तेच आहे. 'कोर्टरूम ड्रामा' या नावातील दुसरा शब्द त्या चित्रपटाला लागू नाही, आणि तो लागू नसणे हाच त्याचा विषय आहे. ज्यांना ते नाव सांगून नेले गेले, त्यांतील पुष्कळजण मध्यंतरानंतर चुळबुळत होते. त्यांना मी दोष देत नाही.

नारायण पेठ, निवृत्त बँक कर्मचारी

माझे वडील पेठेतील एका चित्रपटगृहात बुकिंग क्लार्क होते. तिकिटाच्या खिडकीची जाळी, शाईने निळी झालेली त्यांची बोटे आणि शिल्लक तिकिटांचा ताळा जुळेपर्यंत थांबलेले रात्रीचे जेवण, एवढे चित्रपटसृष्टीचे वैभव आमच्या घरी होते. समीक्षकांनी दिलेले प्रकार वडिलांना ठाऊक नव्हते. खिडकीवर येणारा माणूस पैसे हातात घट्ट धरून विचारायचा, 'कसा आहे हो पिक्चर?' त्यावर वडिलांची उत्तरे ठरलेली असत. 'घरच्यांना आणा' हे एक उत्तर. 'आज एकटेच बघा, मग ठरवा' हे दुसरे. 'दोन रुमाल आणा' हे तिसरे, आणि ते ऐकून बायका हमखास तिकीट काढत. 'गाण्यांना पैसे वसूल' याचा अर्थ कथेत काही नाही असा होता. 'चांगला आहे' असे नुसते म्हणाले, तर समजावे की तो शुक्रवारी उतरणार.

तमाशापटांचा काळ त्यांनी तरुणपणी पाहिला होता. 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्यात विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला, ही गोष्ट ते स्वतःच्या चित्रपटगृहाची असल्यासारखी अभिमानाने सांगत. त्यांचे निरीक्षण असे की, 'तमाशापट' हे नाव ऐकून पांढरपेशा माणूस आधी नाक मुरडत असे, मग एकटा येत असे आणि तिसऱ्या वेळी बायकोला घेऊन येऊन 'यात सामाजिक आशय आहे' असे तिला समजावत असे. चित्रपट तोच, त्याचे नाव, सोबत कोण आहे त्यावरून बदलायचे.

मी मंडळात आलो तेव्हा 'प्रकार' हा रकाना पाहून मला वडिलांची खिडकी आठवली. दर वर्षी मी तेथे त्यांच्याच भाषेत लिहितो आणि दर वर्षी संयोजक ते खोडून 'सामाजिक' असे करतात. हा अन्याय नोंदवून ठेवावा.

(नोंदवला आहे. खोडणारा संयोजक मीच. कागदांवरून तक्ता करायचा तर 'दोन रुमाल' कोणत्या स्तंभात घालावे, हा प्रश्न मला त्या वेळी खरोखरच पडला होता.)

औंध, दंतवैद्य

जानेवारीतील पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मी प्रकार पाहत नाही, किती मिनिटांचा आहे ते पाहतो. माझे तीन आवडते चित्रपट नव्वद मिनिटांच्या आतले आहेत.

बाणेर, संगणक अभियंता

'तुंबाड' २०१८ मध्ये मी पाहिला नाही, कारण सर्वत्र 'हॉरर' असे लिहिलेले होते आणि मला दचकायला आवडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, मित्रांनी तिकीट आधीच काढले होते, आणि माझी आई त्या आठवड्यात येथे राहायला आलेली होती, म्हणून तिलाही नेले. ती भुताखेतांचे काही पाहत नाही. मी तिला प्रकार सांगितलाच नाही, पुण्याची आणि कोकणाची जुनी गोष्ट आहे एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते. विनायक सोन्याची नाणी मोडायला पुण्यातच येतो.

मी तीन वेळा डोळे मिटले. आई शांतपणे पाहत होती. परत येताना मी भीत भीत विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'यात घाबरण्यासारखे काय आहे? ही तर कहाणी आहे.' श्रावणात वाचतात ती कहाणी, असे तिचे म्हणणे होते. देवीने दिलेले सोने-धान्य, त्यातील धान्यावर हात टाकणारा हावरा मुलगा, त्याला मिळालेला शाप, नियम मोडणारा माणूस आणि न थांबणारा पाऊस. 'उतू नये, मातू नये' हे सांगणारी कहाणी उलट्या बाजूने सांगितली तर अशीच होईल, असे ती म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली, याचे श्रेय मी त्या शब्दाला देतो.

डिसेंबरमध्ये मी 'तुंबाड' हा २०२४ मधील माझा आवडता म्हणून लिहिला. दोन आक्षेप आले. पहिला, तो २०१८ चा आहे. माझे उत्तर असे की, नियम 'पुण्यात चित्रपटगृहात लागला ते वर्ष' असा आहे आणि २०२४ मध्ये तो लागला होता. पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई त्याने याच खेपेत केली. दुसरा आक्षेप प्रकाराच्या रकान्यातील 'कहाणी' या शब्दाला होता. 'सगळेच चित्रपट कहाणी असतात,' असे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. हिंदीतील 'कहानी' आणि मराठीतील 'कहाणी' यांत चातुर्मासाएवढे अंतर आहे, हे त्यांना पटवण्यात चहाचा दुसरा फेरा संपला.

सहकारनगर, गृहिणी

'बाईपण भारी देवा' आम्ही भिशीच्या चौदाजणी मिळून पाहिला. त्या वर्षी माझ्या यादीत तो पहिला होता. मंडळातील एका गृहस्थांनी, अगदी सौजन्याने, तो 'बायकांचा चित्रपट' असल्याने वेगळ्या गटात ठेवावा असे सुचवले. मी त्यांना विचारले की, सहा बहिणींचा चित्रपट बायकांचा, तर ज्या युद्धपटात सहा वाक्ये बोलणारी एकही स्त्री नाही, तो कोणत्या गटात ठेवता? ते म्हणाले, 'ऐतिहासिक.' पुढे काही बोलण्याची इच्छा राहिली नाही. मात्र एक कबूल करते : ते नाव नसते, तर चौदापैकी निम्म्या जणींना घरून निघता आले नसते. 'बायकांचा आहे, तुम्हाला कंटाळा येईल' असे सांगितले की प्रश्न मिटतो.

सदाशिव पेठ, संवादिनीवादक

आपल्याकडे प्रकार नाटकाच्या नावातच असे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये याच शहरात रंगभूमीवर आले, पाठोपाठ १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र'. पुढची कित्येक दशके जाहिरातीत 'संगीत' हा शब्द नाटकाच्या आधी छापला गेला. त्या शब्दाने प्रेक्षकाला स्पष्ट सांगितले जाई की कथा तुला ठाऊक आहे, तू गाण्यासाठी ये, आणि वन्समोर घेतला तर कथा थांबेल. कोणाची फसवणूक नव्हती.

'कट्यार काळजात घुसली' नोव्हेंबर २०१५ मध्ये चित्रपट होऊन आला तेव्हा त्याला 'म्युझिकल' म्हणण्यात येऊ लागले. मी १९६७ च्या नाटकाची, अभिषेकीबुवांच्या चालींची सवय घेऊन गेलो होतो. काही पदे होती, काही नवी गाणी होती, आणि कॅमेरा ज्या वेगाने फिरत होता त्या वेगाने तान ऐकण्याची मला सवय नव्हती. मी रुसून बाहेर पडलो. माझ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने तो चार वेळा पाहिला आणि नंतर मूळ नाटकाच्या ध्वनिमुद्रिका माझ्याकडून मागून नेल्या. त्याच्या दृष्टीने 'म्युझिकल' हे नाव दार ठरले. माझ्या दृष्टीने तो उंबरठा होता आणि मला ठेच लागली. त्या वर्षी मी यादी दिलीच नाही.

कर्वेनगर, शाळेतील समुपदेशक

मंडळात प्रकारांची थट्टा करण्याची पद्धत आहे, म्हणून उलट बाजूचा अनुभव लिहिते. 'श्वास' २००४ मध्ये आला तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. जाहिरातीत आजोबा आणि लहान नातू, सर्वत्र कौतुक, सुवर्णकमळाची बातमी. कोणीतरी 'मुलांना जरूर दाखवा' असे म्हणाले आणि मी त्याला घेऊन गेले. चित्रपट उत्कृष्ट आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेल्या मुलाला आजोबा शेवटचे जग दाखवतात, हे पाहताना मी रडले. माझा मुलगा रडला नाही. पुढचे काही दिवस तो एक डोळा हाताने झाकून घरभर फिरत होता आणि भिंतीला हात लावून मोजत होता. कारण विचारले तर म्हणाला, 'सवय करतोय.'

मुलांविषयीचा चित्रपट आणि मुलांसाठीचा चित्रपट हा फरक सांगणारा शब्द आपल्याकडे रूढ नाही. 'बालचित्रपट' या एकाच शब्दात दोन्ही कोंबले जातात. 'फँड्री', 'किल्ला' यांच्या बाबतीतही पालक मला हेच विचारत असत. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरील अक्षर वय सांगते, पण मूल काय घेऊन घरी येईल ते सांगत नाही. लेबल नको म्हणणाऱ्यांनी सहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून पाहावे.

एरंडवणे, चित्रपट अभ्यासक

थोडक्यात लिहितो. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. आपण त्याला संतपट म्हणतो. माझ्या एका परदेशी सहाध्यायाने तो पाहून वहीत 'फँटसी' असे लिहिले, कारण त्यात विमान येते आणि नदीत बुडवलेली गाथा परत मिळते. मी त्याला दुरुस्त करायला गेलो आणि अडखळलो. देहूच्या माझ्या आजीसाठी तो चरित्रपट होता.

यंदाचा कागद छापायला देण्याआधी हे सर्व अनुभव मी पुन्हा वाचले आणि चौथ्या रकान्याचे शीर्षक बदलले. तेथे आता 'सोबत कोणाला न्याल?' असे छापले आहे. नारायण पेठेच्या सदस्यांनी कागद हातात येताच भरून परत दिला. वकीलसाहेबांनी 'एका न्यायाधीश मित्राला, पण तो यायचा नाही' असे लिहिले आहे, आणि दंतवैद्यांनी 'कोणालाही नाही' असे. दोघांनी मात्र नवे शीर्षक पेनाने खोडून त्यावर ठळक अक्षरांत 'प्रकार' असे लिहिले आणि खाली 'भयपट' भरून कागद पाठवून दिले आहेत.