विषय: गेम चालू असताना स्क्रीन काळी होते, म्हापशात कुणी बघेल का?

नमस्कार मंडळी,

म्हापशाच्या घरी भाच्याचा कॉम्प्युटर आहे. तो अ‍ॅनिमेशन शिकतोय, त्यामुळे गेमइतकंच ब्लेंडरचं कामही त्यावरच चालतं. पाऊस लागल्यापासून रोजची तक्रार: गेम किंवा रेंडर (ब्लेंडरमधून अंतिम चित्र तयार करणं) सुरू केला की थोड्या वेळाने स्क्रीन काळी होते आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरायला लागतात. आवाज जरा वेळ येत राहतो, मग तोही बंद. बटण दाबून ठेवल्याशिवाय सुटका नाही. नुसतं यूट्यूब किंवा लिखाण असेल तर दिवसभर काही होत नाही. दुकानात नेला, तर कॅबिनेट न उघडताच ‘कार्ड गेलं, नवीन घ्या’ असं सांगितलं. कार्ड आरटीएक्स ३०६०, वॉरंटी संपलेली. चतुर्थीला मी येतेच आहे, इथून कार्ड घेऊन येऊ का?

– मस्कतहून

*

ताई, विकत घेण्याआधी एक करून बघा. कार्ड ओव्हनमध्ये थोडा वेळ तापवलं की सुटलेलं सोल्डरिंग पुन्हा बसतं, असे बरेच व्हिडिओ आहेत. नाहीच जमलं तर इथे सेकंडहँड कार्डं स्वस्तात मिळतात.

– दुबईहून

*

ताई, कार्ड तूर्तास घेऊ नका. आणि कृपा करून ओव्हनच्या वाटेला कुणीही जाऊ नका. हल्लीचं शिशाविना सोल्डर वितळायला २१७ अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्याच्या खाली तापवून कार्ड चालू झालंच, तर ते चिपच्या आतला एखादा तुटका जोड तात्पुरता टेकल्यामुळे. काही दिवसांत पुन्हा तेच होतं, आणि मधल्यामध्ये प्लास्टिकचे कनेक्टर, कपॅसिटर भाजून निघतात. ज्या ओव्हनमध्ये घरचा बेबिंका होतो, त्यात हा धूर नकोच. सेकंडहँडचंही जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून ते कमावणं) बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली ढीगभर कार्डं बाजारात आली. ३०६० त्याच काळातलं.

तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला कार्ड गेलंय असं वाटत नाही. कार्डाची मेमरी बिघडली की रंगीत चौकोन, रेघा, ठिपके दिसतात, आणि बऱ्याचदा विंडोज यायच्या आधी, बायोसच्या पडद्यावरही दिसतात. तुमच्याकडे तसं काही नाही. फक्त जोर पडल्यावरच बंद पडतं म्हणजे आधी बघायचं उष्णता आणि वीज.

भाच्याला सांगा, एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून रेंडर लावायचा आणि कार्डाचं तापमान व हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) हे दोन आकडे बघायचे. दोन्हींत दहा-पंधरा अंशांचा फरक असतोच. तीसच्या पुढे गेला तर चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली म्हणायची. मग आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणून तेच काम पुन्हा. तापमान आधीही ठीक होतं आणि लिमिट कमी केल्यावर मशीन टिकतं, असं झालं तर संशय विजेवर. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका. विंडोज नीट बंद झालं नाही, एवढंच ते सांगतं. मध्ये यूपीएस असेल तर एकदा तो टाळून थेट भिंतीतल्या प्लगवर लावून बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॉटचा असतो.

शुक्रवारी मी बाजाराला म्हापशाला येतोच, तेव्हा घरी डोकावतो.

– पर्वरीहून

*

ताई, जाऊन आलो. पोराने सगळं सांगितल्याप्रमाणे करून वहीत टिपून ठेवलं होतं, फार बरं वाटलं. तापमान ७१, हॉट स्पॉट ८४, म्हणजे पेस्टचा प्रश्न नाही. यूपीएस टाळूनही बंद पडत होतं. लिमिट ७० वर मात्र लांबलचक रेंडर बिनतक्रार पूर्ण झाला.

कार्डाला येणारी ८-पिनची केबल काढताना कनेक्टर थोडा चिकटल्यासारखा वाटला. उजेडात धरला तर एका भोकाची कड तपकिरी झालेली, तिथलं प्लास्टिक फुगलेलं, आणि आतल्या पिनेवर बारीक हिरवट थर. या केबलीतून १५० वॉटपर्यंत, म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर करंट जाऊ शकतो, आणि तो वाहून नेणाऱ्या तारा तीनच. एकीचा संपर्क बिघडला की उरलेल्या दोघींवर दीडपट करंट येतो आणि उष्णता सव्वादोन पट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, हलक्यातला आहे, पिना मुळातच सैल बसवलेल्या. त्यात खिडकीखालचं टेबल आणि आपली पावसाळी हवा. कार्ड जोरात ओढायला लागलं की व्होल्टेज खाली जायचं आणि कार्ड मान टाकायचं.

माझ्याकडचा चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडला, लिमिट पुन्हा १०० केलं. गेम, रेंडर, दोन्ही एकाच वेळी चालवून पाहिलं, एकदाही बंद पडलं नाही. कार्डाच्या बाजूच्या पिना काळवंडल्यात, पण जळलेल्या नाहीत. त्या आणि कार्डाची स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पट्टीवर खोडरबर घासायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडायला हवी. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

एक महत्त्वाचं. कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या येत होत्या, म्हणजे त्या प्लगला अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला आजच बोलवायला वहिनींना सांगितलंय. हे कॉम्प्युटरपेक्षा पोराच्या जिवासाठी.

– पर्वरीहून

*

काका, कसे आभार मानू! दादाशी बोलले, अर्थिंगचं काम उद्याच होतंय. एसएमपीएस किती वॉटचा घ्यायला सांगू? जुन्याच्या केबली कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या आहेत, त्याच ठेवल्या तर चालतील का?

– मस्कतहून

*

केबली अजिबात ठेवायच्या नाहीत, ताई. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण मॉड्युलर (सुट्या केबलींच्या) एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या भोकात १२ व्होल्ट आणि कुठे ग्राउंड, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाची केबल दुसऱ्याला बसते, आणि बटण दाबताच हार्ड डिस्क किंवा कार्ड जळू शकतं. खोक्यातून येतील त्याच वापरायच्या.

३०६० साठी कंपनी ५५० वॉट सांगते. मी ६५० घ्यायला सांगेन, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचा शिक्का), आणि वॉरंटी किमान पाच वर्षांची. पणजीत १८ जून रस्त्यावर चौकशी करतो, मिळाला तर मीच घेऊन जातो. जुना एसएमपीएस पोराने उत्सुकतेने उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहू शकतात. आणि टेबल खिडकीपासून हलवायला आजच सांगा, त्याला एसएमपीएसची वाट बघायला नको.

– पर्वरीहून