सीड फ्रेज अर्धी-अर्धी वाटू नका

क्रिप्टो वॉलेट परत मिळवून देणारी १२ शब्दांची सीड फ्रेज सहा-सहा शब्दांत तोडून एक चिठ्ठी घरी आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, असा सल्ला काही जण देतात, तो कृपया कुणी पाळू नका. हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टोची किल्ली जपणारं छोटं उपकरण) घ्या हे त्यांचं म्हणणं अगदी पटलं. पैसे खर्च करायची गुप्त किल्ली उपकरणातच राहते, व्यवहारावरची सहीसुद्धा आतच होते. पण अशी वाटणी दोन्हीकडून घात करते. एक चिठ्ठी हरवली की सगळं गेलं. आणि एक चोराच्या हाती लागली तर? बिप-३९ या सीड फ्रेजच्या मानकाच्या यादीत शब्द २०४८, म्हणजे एका शब्दाचे ११ बिट (प्रत्येक बिटामागे शक्यता दुप्पट). उरलेल्या सहांचे ६६, त्यातले ४ चेकसमचे, म्हणजे फक्त चूक पकडण्यापुरते. १२८ बिटांची सुरक्षा थेट ६२ वर येते!

वाटणीच करायची तर शमीर पद्धतीने करा. आदी शमीर यांनी १९७९ साली मांडलेलं गणित आहे: तीन भाग करा, कुठलेही दोन पुरतात, एकट्या भागातून काहीच कळत नाही. ट्रेझर या कंपनीच्या हार्डवेअर वॉलेटच्या काही मॉडेलांत ही सोय आहे. मात्र इतर कंपन्यांची बरीच वॉलेट हे भाग वाचत नाहीत, तेवढं आधी बघून घ्या.

हे नको असेल तर अख्खी फ्रेज स्टीलच्या पट्टीवर कोरून दोन वेगळ्या जागी ठेवा. मोबाइलने फोटो काढू नका, तो परस्पर क्लाउडवर जाऊ शकतो. आणि मोठी रक्कम टाकण्याआधी उपकरण रीसेट करून त्याच पट्टीवरून वॉलेट परत उभं राहतं का, ते जरूर तपासा.