मिश्री लावणाऱ्या बायकांना तोंडाची तपासणी कशी पटवावी? मदत हवी आहे

पर्वती पायथ्याच्या वस्तीतल्या आमच्या बचत गटात तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलायचंय. बऱ्याच जणी मिश्री लावतात. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुषांची पुडी. मिश्री ही भाजलेली तंबाखूच, असं म्हटलं की "आमची आजी नव्वदीपर्यंत लावायची" हे उत्तर तयार! भयंकर फोटो दाखवले की पदर तोंडाला लावून उठतात, त्यामुळे ते नकोतच. दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, एवढंच आरशात बघायला शिकवायचंय. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात तपासणी होते, तिथवर त्या पोचाव्यात. कुणाकडे सोप्या मराठीतलं पथनाट्य किंवा ऑडिओ आहे का? आणि आशाताईंनो, मिश्री सोडताना तलफ येते तेव्हा तुम्ही बायकांना काय सुचवता?