विषय: मंडळाची क्रूझ – पैसे नेमके कुठे वाचतात?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी मंडळातर्फे सात रात्रींची क्रूझ काढावी, असं बैठकीत ठरतंय. दहा-बारा कुटुंबं तयार आहेत. काहींची मुलं लहान आहेत, दोन-तीन ज्येष्ठ सभासद एकटे येणार आहेत. जाहिरातीतलं भाडं आणि शेवटी भरावी लागणारी रक्कम यांत बरीच तफावत दिसते. बुकिंग कधी करावं, आधी काय घ्यावं, काय टाळावं, हे जाणकारांनी कृपया लिस्टवरच लिहावं, म्हणजे सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

---

प्रेषक: खजिनदार

समितीस नमस्कार,

जाहिरातीतला आकडा आधी बाजूला ठेवा. तो बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं राहणार हे धरून. त्यावर कर आणि बंदरशुल्क चढतं, आणि रोजची टिप वेगळी. टिप माणशी, दर दिवशी लागते. चौघांचं कुटुंब सात रात्री गेलं तर 28 वेळा. मुलांचीही बहुतेक कंपन्या लावतातच. ‘मुलं फुकट’ या सवलतीत फक्त मूळ भाडं माफ होतं, कर आणि टिप सुटत नाहीत. म्हणून दोन क्रूझची तुलना करताना पूर्ण केबिनची, कर-टिपांसकट रक्कम काढा. स्वस्त वाटणारी क्रूझ या हिशेबात पुष्कळदा महाग निघते.

वेळेबद्दल सांगायचं तर दोन तारखा लक्षात ठेवायच्या. जानेवारी ते मार्च हा कंपन्यांचा सवलतींचा हंगाम. भाड्यापेक्षाही त्यासोबत मिळणारा ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्च करायला कंपनी खात्यात टाकते ती रक्कम), कमी ठेव म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, असे फायदे तेव्हा चांगले असतात. दुसरी तारीख अंतिम रक्कम भरण्याची. ती साधारण निघण्याआधी 75 ते 120 दिवसांवर येते, क्रूझ जितकी लांब तितकी आधी. या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर फोन करून नव्या दराने बुकिंग करून मागता येतं. ठेव परत मिळणारी असली तर हे सोपं जातं. परत न मिळणाऱ्या ठेवीचं भाडं कमी दिसतं, पण तारीख किंवा जहाज बदललं की माणशी शुल्क कापतात आणि बचत तिथेच संपते. मंडळासारख्या ठिकाणी दोन-तीन कुटुंबं मागे-पुढे होणारच. आपण परत मिळणारीच ठेव घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

नवा दर मागण्याआधी एक गोष्ट बघायची. भाडं उतरतं तेव्हा योजनाही बदललेली असते. जुन्या बुकिंगवर क्रेडिट किंवा पेयांचं पॅकेज मिळालं असेल, तर नव्या दरात ते जाऊ शकतं. दोन्ही रकमा समोरासमोर मांडा आणि मगच होकार द्या. अंतिम तारीख उलटल्यावर भाडं कितीही उतरलं तरी हक्काने काही मागता येत नाही. कधी वरच्या प्रकारची केबिन किंवा थोडं क्रेडिट देतात, ते त्यांच्या मर्जीवर.

शेवटच्या क्षणाची सवलत दोघांसाठी ठीक आहे, चौघांसाठी नाही. चार जणांच्या केबिन जहाजावर मोजक्याच असतात. शिवाय जहाजाच्या एकेका भागाला लाइफबोटीतल्या जागा ठरवून दिलेल्या असतात. त्या भरल्या की केबिनमध्ये पलंग असूनही तिसरा-चौथा माणूस घेत नाहीत. मुलं असलेल्या कुटुंबांनी सगळ्यात आधी बुकिंग करावं. चौघांच्या एका केबिनचा भाव घेतानाच शेजारच्या दोन आतल्या, म्हणजे बिनखिडकीच्या, केबिनचाही घ्या. कधीकधी फरक थोडा असतो आणि न्हाणीघरं दोन मिळतात.

केबिन निवडताना ‘गॅरंटी’ हा पर्याय दिसेल. त्यात प्रकार आपण ठरवतो, खोली कंपनी ठरवते. भाडं कमी पडतं. पण खोली नाचाच्या हॉलखाली येऊ शकते, खिडकीपुढे लाइफबोट येऊ शकते, आणि दोन कुटुंबं जहाजाच्या दोन टोकांना जाऊ शकतात. ज्यांना बोट लागते त्यांनी हा पर्याय घेऊच नये. त्यांना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन हवी. तिथे हेलकावे सगळ्यात कमी बसतात, आणि बऱ्याचदा तीच स्वस्तही असते.

एकट्याने येणाऱ्यांना दोघांचं भाडं भरायला लागू शकतं. काही जहाजांवर एकट्यासाठीच्या केबिन असतात, पण त्या लवकर संपतात. समितीने दोन ज्येष्ठांना, त्यांची संमती असेल तर, एकाच केबिनमध्ये बसवावं. यातून वाचणारी रक्कम बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठी आहे.

---

प्रेषक: सभासद, महिला शाखा

काका, नमस्कार. बुकिंगचं तुम्ही सविस्तर लिहिलंत, मी जहाजावरच्या खर्चाचं लिहिते.

पेयांचं पॅकेज हा सगळ्यात मोठा खड्डा. ते पूर्ण प्रवासासाठीच घ्यावं लागतं, वर साधारण 18 ते 20 टक्के सेवाशुल्क लागतं. मद्याचं असेल तर बऱ्याच कंपन्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यायला लावतात. म्हणजे एकाला हवं म्हणून दोघांचे मिळून 14 दिवसांचे पैसे. बंदराच्या दिवशी आपण आठ-आठ तास जहाजाबाहेर असतो, तेव्हा ते वापरलंच जात नाही. पॅकेजचा रोजचा दर सेवाशुल्कासकट घ्या आणि एका पेल्याच्या दराने, तोही सेवाशुल्कासकट, भागा. येणाऱ्या आकड्याइतकं रोज प्यायलं जाणार नसेल तर सुटं घेतलेलं बरं. पाणी, साधा चहा-कॉफी आणि सरबत बुफेत भाड्यातच येतं. पॅकेज घ्यायचंच असेल तर जहाजावर चढण्याआधी संकेतस्थळावरून घ्या, तिथे दर कमी असतात. नंतर आणखी उतरला तर बहुतेक ठिकाणी निघण्याआधी रद्द करून नव्या दराने घेता येतं.

इंटरनेटचंही आधीच घ्या. पॅकेज उपकरणागणिक असतं. पण एकातून लॉगआउट करून दुसऱ्यात लॉगिन चालत असेल, तर नवरा-बायकोंना एक पुरतं. आणि जहाजाने धक्का सोडला की प्रत्येकाने फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवायचं, मुलांच्या फोनचंही. नाहीतर फोन जहाजाच्या उपग्रह-नेटवर्कला आपोआप जोडला जातो. ते साध्या रोमिंग प्लॅनमध्ये बसत नाही, आणि घरी आल्यावर मोठं बिल येतं.

शाकाहारी जेवण मुख्य डायनिंग हॉलमध्ये जादा पैसे न देता मिळतं, पण बुकिंगवर तशी नोंद करा आणि पहिल्याच रात्री मुख्य वेटरशी बोला. दुसऱ्या दिवसाचं आदल्या रात्री सांगितलं की स्वयंपाकघराला तयारीला वेळ मिळतो. त्यासाठी पैसे भरून वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जायची गरज नाही. किटली, इस्त्री, छोटा कुकर, सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन कॉर्ड यातलं काही सामानात भरू नका. आगीच्या भीतीने तपासणीतच काढून घेतात. घरी शिजवलेलंही बहुधा चढू देत नाहीत. सीलबंद कोरडा खाऊ चालतो.

बिल कार्डावर येताना तुमच्या देशाच्या चलनात बदलून घ्यायचं का, असं काही जहाजांवर विचारतात, तर काहींवर न विचारताच बदलतात. त्या दरात त्यांचं कमिशन असतं. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन जहाजाच्या चलनातच बिल लावायला सांगा, आणि परदेशी व्यवहाराचं शुल्क न लागणारं कार्ड द्या. उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी बिल बघायचंच. परत न मिळणारा क्रेडिट उरला असेल तर तो त्याच रात्री बुडतो. टिपांपोटी वळता होतो का ते विचारा.

---

प्रेषक: सहल समिती

काका, ताई, मनापासून आभार. दोन शंका आहेत. दहा-बारा केबिन एकत्र घेतल्या तर गटाची सवलत मिळते का? आणि बंदरावरच्या सहली जहाजाकडूनच घ्याव्यात का?

---

प्रेषक: खजिनदार

गटाचं: साधारण आठ केबिन, म्हणजे 16 जण झाले की बऱ्याच कंपन्या गट मानतात आणि दर 16 जणांमागे एकाचं मूळ भाडं सोडतात. कर भरावेच लागतात. मोजताना केबिनमधले पहिले दोघंच धरतात, तिसरं-चौथं मूल धरत नाहीत. सुटलेली रक्कम कोणा एकाला न देता सगळ्या केबिनमध्ये वाटावी, हे आधीच लेखी ठरवा. गटाचा दर धरून ठेवला जातो, त्यामुळे भाडं चढलं तर फायदा. उतरलं तर मात्र सार्वजनिक सवलत गटाला लागू होईलच असं नाही. धरून ठेवलेल्या केबिन ठरावीक तारखेला नावं आणि ठेव आली नाही की परत जातात. ती तारीख एजंटकडून लेखी घ्या आणि सभासदांना त्याच्या दहा दिवस आधीची सांगा. एजंटकडून घेतलं तरी भाडं सहसा तेवढंच पडतं, आणि चांगला एजंट स्वतःच्या कमिशनमधून थोडा क्रेडिट देतो. दोन-तीन ठिकाणी विचारा.

सहलींचं: बंदर गावाला लागून आहे का ते नकाशात बघा. मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला धक्क्यासमोरच जुनं शहर आहे, तिथे सहल विकत घेण्यात अर्थ नाही. उलट ‘रोम’ म्हणून जिथे जहाज लागतं ते चिव्हिताव्हेक्किया रोमपासून सुमारे 80 किलोमीटरवर आहे. तिथून लोकल गाडीने तास-सव्वा तासात जाता येतं. कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर दंड. स्वतःहून गेल्यावर शेवटची गाडी नाही, तर त्याच्या दोन गाड्या आधीची धरून परतीची वेळ ठरवा. जहाज आपल्याच सहलीवरच्या प्रवाशांसाठी थांबतं, बाकीच्यांसाठी नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. ती गावाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते.

ज्या बंदरात जहाज धक्क्याला न लागता लहान बोटींनी नेतात, तिथे जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी उतरवतात. मुक्काम चार-पाच तासांचाच असेल तर तिथे त्यांची सहल घेणं योग्य.

---

प्रेषक: सभासद, महिला शाखा

विमा आणि व्हिसा यांवर काटकसर करू नका, एवढं जोडते. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल खासगी दवाखान्यासारखं लागतं, घरचा आरोग्य विमा ते बहुधा देत नाही. पॉलिसीत समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे ना ते बघा. आधीपासूनच्या आजारांना संरक्षण हवं असेल तर बऱ्याच पॉलिसी ठेव भरल्यापासून 14 ते 21 दिवसांत घ्याव्या लागतात. म्हणून ज्येष्ठांनी विमा शेवटी नाही, ठेवीसोबतच घ्यावा.

ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो त्यांनी बंदरांची यादी नीट वाचावी. ग्रीसहून निघून तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसला येणारं जहाज शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येतं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे चालत नाही. कागद अपुरे असतील तर चढूच देत नाहीत आणि भाडंही परत मिळत नाही. विमान आदल्या दिवशी पोचणारं घ्या, परतीचं दुपारी बारानंतरचं.

समितीने नावं घेताना पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मागवावी. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच बुकिंगवर घाला. अंतिम रक्कम भरल्यावर नाव दुरुस्त करायला काही कंपन्या पैसे घेतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. ज्यांचा संपत आला आहे त्यांनी नूतनीकरण आताच सुरू करावं.